श्वासाची जागा

लेकीने बटण दाबलं आणि बासरी वाजू लागली. रचना आईची. वाद्यवृंदात जन्मभर तिने दुसऱ्यांचं वाजवलं, स्वतःचं कागदावरच राहिलं. आता फुंकर घालायला छातीत दम नव्हता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. जाण्याआधी एकदा ऐकायचं, एवढंच तिचं मागणं. म्हणून लेक कागदावरची स्वरलिपी संगणकाकडून वाजवून घेत होती.

बासरी अगदी खरी वाटत होती. लेकीला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग तिने पलंगाकडे पाहिलं. नाकाला ऑक्सिजनची नळी असूनही आईचे ओठ निळे पडत चालले होते. तिने घाईघाईने आवाज बंद केला.

आईने आधी धापा टाकत चार-पाच श्वास ओढून घेतले.

"तुझी बासरीवाली भूत आहे का गं?" ती शेवटी म्हणाली. "श्वासच घेत नाही. मी आपली थांबलेय तिच्यासाठी."

जुनी खोड. बासरी कानावर पडली की आईचा श्वास तिच्याबरोबर चालायचा.

लेकीने कागद उजेडात धरला. ओळींच्या वर जागोजाग बारीक स्वल्पविराम होते. तिथे वाजवणाऱ्याने श्वास घ्यायचा. संगणकाने ते शाईचे डाग समजून सोडून दिले होते आणि या शहाणीनेही ते पाहिले नव्हते. तिला रडू कोसळणार होतं, पण रडत बसायला वेळ कुठे होता? एकेका खुणेपाशी सूर तोडून तिने जागा केली. तिथे भरायला संगणकात तयार श्वास होते. ते तिने घेतले नाहीत. माईक आईच्या तोंडाशी धरून तिचेच श्वास टिपले आणि त्या जागांत बसवले.

पुन्हा लावलं तेव्हा आईने डोळे मिटले. बासरी थांबेल तिथे आईची छाती वर येई. मध्येच चादरीवर तिची बोटं हलली. तेव्हा कुठे लेकीने खुर्चीला पाठ टेकली.

शेवटचा सूर लांब होता. तो विरत विरत संपला. मग त्या शांततेत आणखी एक श्वास ऐकू आला.

आईने डोळे उघडले. "हा मी लिहिलेला नाही. वाजवून झाल्यावर कशाला हवा श्वास?"

"मी लिहिलाय," लेक म्हणाली. "घे."