ढोल वाजतोय तोवर

त्या प्रार्थनाघरात एकच दंडक होता, ढोल वाजतोय तोवर गाणं थांबवायचं नाही. ढोल वाजवणारा सुतार एकदा रंगात आला की पाद्रीबाबा हात जोडायचे, "बाबा रे, आता प्रवचन होऊ दे!" आज गाणं ऐन भरात असताना दार फोडून दांडकेवाले आत घुसले. पहिला तडाखा सुताराच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला. "बंद करा हा तमाशा!" म्हणत म्होरक्या ढोल फोडायला लागला. कातडं चिवट होतं, फाटता फाटेना. ढोल वाजतच होता, म्हणून डोकी फुटलेली माणसंही गातच राहिली, घावागणिक आणखी मोठ्याने. बऱ्याच वेळाने म्होरक्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दांडका हवेतच रोखला. गाणं थांबलं. रक्तात पडलेला सुतार हसला. "थांबलास का रे भावा? मार की, शेवटचं कडवं राहिलंय!"