वरच्या डेकवरची खुर्ची

माथेरानच्या हॉटेलात मी जन्मभर पाहुण्यांच्या गाद्यांवर चादरी खोचल्या. रिटायर झाले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आता तुझी गादी दुसरं कोणीतरी घालील. आपण जहाजावर आराम करू." आज भिसेगावच्या घरात मी नातवंडांची गादी घालत होते आणि तो स्पीकरवर एजंटशी बोलत होता. "पहिलीच वेळ हाय, दोन रात्रींचंच जहाज बघा. वरचा डेक शांत हाय ना?" "एकदम. तिथं अठरा वर्षांवरच्यांनाच सोडतात." "मग आमी नवरा-बायको तिकडंच. पोरं खोलीत आईजवळ राहतील. खिडकीची खोली द्या, आईला समुद्र दिसेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आराम म्हणे. हातातली चादर मी त्याच्या अंगावर फेकली आणि फोनजवळ वाकले. "साहेब, वरच्या डेकवर माझी खुर्ची टाका. मी अठराच्या वरची हाय. खोलीत पोरांजवळ त्यांचा बाप बसेल."