लेआर्कोच्या गाडीचा आवाज

“खोकत नाहीये,” एर्मेस म्हणाला.

नेव्हियोने इंजिन बंद केलं आणि फडक्याला हात पुसले. इटलीतल्या मोदेना शहरात जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे कार्बोरेटर जुळवून देण्यात त्याचा जन्म गेला होता. गाडी खोकते म्हणून लोक त्याच्याकडे येत. खोकत नाही म्हणून कुरकुरणारा हा पहिलाच.

“अरे भल्या माणसा, घड्याळासारखी चाललीये. कान देऊन ऐक जरा.”

“ऐकलं. गोड आवाज आहे. पण ही आमची गाडी नव्हे.”

गाडी त्यांचीच होती. लाल, उघड्या टपाची, दोन माणसांची अल्फा. एर्मेसचे वडील लेआर्को यांची पनारो नदीकाठी पिठाची गिरणी होती. ते गेल्यापासून गाडी गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडून होती. एर्मेसला ती विकायची नव्हती, शर्यतीतही उतरवायची नव्हती. त्याची आई इझिदे आता कुणालाच ओळखत नव्हती. एर्मेसला ती कधी डॉक्टर म्हणे, कधी पोस्टमन.

“हा आवाज मात्र ती ओळखेल,” एर्मेस म्हणाला. “मी सहा-सात वर्षांचा असेन. दुपारी ती स्वयंपाकघरात तोर्तेल्लीनीच्या सारण भरलेल्या पुरचुंड्या वळत बसलेली असायची. मध्येच पॉपलरच्या झाडांपलीकडून गाडी यायची. वळणावर दोनदा खोकायची, मग घोगरा सूर धरायची. आईचे हात जागच्या जागी थांबायचे. पिठाच्याच हातांनी केस सावरायची आणि अशी हसायची… तसं हसताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.”

“मोठं प्रेम दिसतंय दोघांचं.”

“तसं जाणवायचं नाही रे. बाबा अबोल. जेवायला बसले की चमच्यांचाच काय तो आवाज. पण ती गाडी वळणावर आली की—”

नेव्हियोची स्वतःची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. दारात तिच्या चपला वाजलेल्या ऐकायला मिळाल्या असत्या, तर त्याने अख्खं गॅरेज देऊन टाकलं असतं. त्याने पुन्हा बॉनेट उघडलं.

रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं त्याने कार्बोरेटरच्या एकेका तोंडाशी नेलं. चारही तोंडं सारखीच हवा ओढत होती. कुठे फुसफुस नाही, कुठे कमीजास्त नाही. मग चष्मा चढवून त्याने स्क्रू निरखले.

“एर्मेस, या स्क्रूंना गाडी कारखान्यातून आल्यापासून कुणी हात लावलेला दिसत नाही.”

“बाबा कोणाला लावू देणार? दर रविवारी पॉलिश. शिंतोडा उडाला तरी दिवसभर धुसफुस.”

“मग असा माणूस गाडी खोकू देईल?”

“मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

नेव्हियोने खांदे उडवले. “असेल बाबा. लहान मुलाचा कान खोटं बोलत नाही.”

आणि मग जन्मात केलं नव्हतं ते काम त्याने सुरू केलं. चांगली गाडी बिघडवायला घेतली. एका तोंडाचं पेट्रोल आवळलं, दुसऱ्याची हवा बिघडवली. एर्मेस डोळे मिटून स्टुलावर बसून राहायचा.

“हे फार झालं. ट्रॅक्टर वाटतोय.”

“आता?”

“आता सर्दी झाल्यासारखी. खोकला नव्हे.”

“हे बघ, मी असं काम केल्याचं गावात कळलं ना, तर मला कोणी सायकलीत हवा भरायलाही बोलावणार नाही.”

“मी कोणाला सांगत नाही. तू आणखी थोडं आवळ.”

बरेच दिवस असे गेले. एका दुपारी नेव्हियो गाडी नदीकाठच्या रस्त्याला घेऊन गेला. वळणावर त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडी दोनदा खोकली आणि मग तिने घोगरा सूर धरला. शेजारी बसलेल्या एर्मेसने त्याचा दंड घट्ट पकडला.

“हीच,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “हीच ती.”

रविवारी दुपारी नेव्हियो एकटाच गाडी घेऊन त्यांच्या शेतघराकडे निघाला. एर्मेस आईजवळ थांबला होता. पॉपलरची रांग आली. नेव्हियोने वळणावर पाय उचलला. खोकला आला, घोगरा सूर आला. हे आपण कोणाच्या भल्यासाठी करतोय की उगाच एका म्हातारीला छळतोय, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात गाडी अंगणात शिरली.

इझिदे खुर्चीतून उठून उभी होती.

तिची देखभाल करणारी हालिना सावरायला धावली. इझिदेने तिचा हात बाजूला सारला. केसांवरून हात फिरवला, झग्याची चुणी सरळ केली आणि ती हसली. असं हसू नेव्हियोने पंचाऐंशीच्या बाईच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं. आयुष्यभर केलेली नीटनेटकी कामं एकीकडे आणि हे बिघडवलेलं काम एकीकडे, असं त्याला वाटलं.

मग ती वळली. मुलाचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला.

“एर्मेस,” ती म्हणाली.

केस पिकलेला तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला. “हो आई. मीच. एर्मेस.”

ती त्याच्या कानाशी वाकली. पण अंगणात इतकी शांतता होती की तिची कुजबुज नेव्हियोपर्यंत स्पष्ट आली.

“शहाणं माझं बाळ. पळ, आजीकडे जाऊन खेळ. आणि बाबा गिरणीवरून आले तर सांग, आई चर्चला गेलीय.”