एरंडेली तोंड

गिटारी दुरुस्त करण्यात हयात गेली आणि उतारवयात म्हाताऱ्याच्या कानांनीच दगा दिला. तरुणपणी विकावी लागलेल्या गिटारीची जुळी बहीण परदेशातल्या विक्रेत्याकडे सापडली, तेव्हा ऐकायला त्यानं बायकोला मोबाईलसमोर बसवलं. मागचे दोन सौदे तिच्या खुललेल्या चेहऱ्यापायी फिसकटले. तो पाहून विक्रेते भावावर अडून बसले. आज तिच्या शेजारी बसत त्यानं बजावलं, “आवडली तरी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचं!” तिनं मान डोलावली. पडद्यावर विक्रेता वाजवू लागला. म्हातारीचं तोंड एरंडेली. विक्रेत्यानं कागदावर लिहून दाखवलेला किमतीचा आकडा खोडून कमी केला. तोंड तसंच. म्हातारा चरकला, गिटार खरंच भिकार असली तर? आवडल्याची खूण ठरवायचीच राहिली होती! तेवढ्यात टेबलाखाली तिची बोटं त्याच्या गुडघ्यावर हलकेच वाजू लागली. पडद्यावरची एकेक तार त्याला गुडघ्यात ऐकू आली. आता एरंडेल प्यायची पाळी म्हाताऱ्याची होती.