डाव्या हाताची चिठ्ठी

एचआयव्हीबाधितांना आधार देणाऱ्या संस्थेत मी बारा वर्षं फुकट सल्ले आणि फुकट विनोद वाटतोय. आज टेबलासमोर धाकटा भाऊ उभा राहिला. शर्ट त्याचाच, पण अंगावर दुसऱ्याचा वाटत होता. हातात तपासणीचा कागद. तारीख तीन वर्षांपूर्वीची. औषधं अजून सुरूच नव्हती. “गाढवा, सख्खा भाऊ इथं बसलेला असताना विचारायला काय झालं होतं?” “विचारलं होतं, दादा. तुझ्या भाषणानंतर निनावी प्रश्नांची पेटी फिरते ना, तीत चिठ्ठी टाकली होती. डाव्या हातानं लिहून. ‘मला लागण झालीय, घरी आधी कोणाला सांगू?’” मला माझं उत्तर आठवलं: “ज्याला कमी ऐकू येतं त्याला.” सभागृह खदखदून हसलं होतं. “मग उठून माझ्याकडे का नाही आलास?” “कसा येणार? सगळे हसत होते. मीही हसलो. नाहीतर ओळखू आलो असतो.”