पाच वाजताची सुई

धाकट्या जावेचा जन्म कपडे शिवण्यात गेला होता. पण म्हाताऱ्या मांजरीला कातडीखाली सुई टोचायची म्हटल्यावर तिने सुई खाली ठेवली. डॉक्टर म्हणाले होते, "किडनी थकलीय. रोज घरी सलाइन दिलंत, तर काही महिने सुखाने काढेल."

समोरच्या घरात थोरली जाऊ राहायची, रिटायर झालेली नर्स. दोघींत सहा वर्षं अबोला. शेवटी धाकटीने मान खाली घालून तिचं दार वाजवलं आणि मांजरीचं सांगितलं.

थोरली लगेच हात धुऊन आली. सुई कधी गेली, मांजरीलाही कळलं नाही.

"खाणं कोमट करून दे. वास आला की खाईल," एवढंच बोलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला न बोलावता आली. मग रोजच येत राहिली. आठ महिन्यांनी मांजर धाकटीच्या मांडीवर शांतपणे गेली.

"जाऊबाई, तुमचे उपकार कसे फेडू?" धाकटीला हुंदका आवरेना.

थोरली तिच्याशेजारी बसली. "उपकार तर तुम्हा दोघींचे गं. रिटायर झाल्यापासून माझी वाट बघणारं कुणी उरलंच नव्हतं."