जनरेटरसकट बंद

"जनरेटरसकट सगळं बंद करा," नाकेबंदीवर मदतीचं जहाज अडवून वर चढलेला नौदल अधिकारी म्हणाला.

"साहेब, शीतपेट्या त्यावरच चालतात," इंजिनिअर परकार म्हणाले. "आत गोवराच्या लसी आहेत. किनाऱ्यावर पोरं मरताहेत."

"तो तुमचा प्रश्न. बंदही तुम्हीच करायचं. आम्ही तुमच्या यंत्रांना हात लावत नाही."

परकारांनी समोरच्या बंदुका पाहिल्या आणि कळ खाली ओढली. भर उन्हाळ्यात झडती आठवडाभर रेंगाळली. हत्यारं सापडली नाहीत, तेव्हा नौदलाचं मन मोठं झालं. लसी आपल्याच बोटीतून किनाऱ्यावर नेऊन अधिकाऱ्याने त्या कॅमेऱ्यांसमोर डॉक्टर बाईंच्या हाती ठेवल्या. हसरा फोटोही काढून घेतला.

सोबत आणलेले परकार पुढे झाले. "मॅडम, टोचू नका. तापल्यात."

बाईंनी एक बाटली उजेडात धरली. उष्णतेने काळा पडणारा लेबलवरचा चौकोन पार काळवंडला होता. मागे पोरांना कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आयांकडे न बघता त्यांनी पेटी बंद केली.

अधिकारी कॅमेऱ्याकडे वळला. "पाहिलंत ना? मदत आम्ही पोहोचवली. अडवली ती यांच्याच माणसाने."